आपल्या फाईलचे चौथे मंत्री

दत्ता, आज सकाळी मंत्रिमंडळात पुन्हा फेरबदल झाला आणि चाळीच्या फळ्यावर अजून तूच होतास.

तू गेलास त्या दुपारी मी लिहिलं होतं, 'आपल्या चाळीतील दत्ताराम यांचे आज सकाळी दुःखद निधन.' माझं अक्षर तुला माहीत आहे. ओळ वर चढत गेली, 'निधन' कडेला चिकटलं आणि शेवटचा न चौकटीवर आला. अंत्ययात्रेला जमलेल्यांपैकी दोघांनी मलाच विचारलं, हे कोणी लिहिलं म्हणून. मी म्हटलं, माहीत नाही. आज बारावा दिवस. आज सकाळपर्यंत कोणी फळ्याला हात लावला नव्हता. मध्ये दोन दिवस पाणी आलं नाही, तेही कोणी लिहिलं नाही. डिलाईल रोडवरून रोज जाणारी बाहेरची माणसंसुद्धा थांबायची, कारण या चाळीच्या दारात सकाळी सात वाजता नवीन काहीतरी लिहिलेलं असतं याची त्यांना सवय आहे. थांबायची, तुझं नाव वाचायची आणि जायची.

मला राग येतोय. तुझ्यावरही येतोय, खोटं कशाला बोलू. माणसानं जायचं तर निदान निवडणूक उरकून जावं. आता कुठे खरी गंमत सुरू झाली होती. रुसवे झाले, दिल्लीवाऱ्या झाल्या, 'कोणीही नाराज नाही' असं नाराज चेहऱ्यानं सांगून झालं, आणि ज्याच्याशी मी भांडायचं तोच नाही. वरच्या मजल्यावर तुझ्या दाराशी जाऊन परत येतो मी. सवयीनं.

आपलं भांडण जुनं. गिरणी बंद पडली आणि तू पाट्या रंगवायला लागलास तेव्हापासूनचं. मी सरकारी कचेरीत, घरबांधणीच्या मंत्र्यांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या फायलींची नोंद ठेवणारा कारकून. तुझं अक्षर बघून मीच तुला आमच्या खात्यात नेलं आणि दारावरच्या लाकडी पाट्यांचं काम मिळवून दिलं. मंत्री बदलला की जुनी पाटी उतरायची, तू ती घासून काळी करायचास आणि वर पांढऱ्या रंगात नवं नाव लिहायचास. या राज्यात फेरबदलावर ज्याचं प्रामाणिकपणे पोट चाललं असा तू एकटाच. एकदा एका नावावर शेवटचा हात फिरवताना तू मला म्हणालास, "कारकुना, या लाकडाच्या खाली पाच मंत्री गाडलेत. पण लाकूड बघ, जराही फुगलेलं नाही." नंतर सरकवायच्या पाट्या आल्या, छापील. तुझं काम गेलं. तरी फेरबदल झाला की तू हातातलं टाकून बातम्या ऐकायला बसायचास.

मी म्हणायचो, कामगिरी बघून बदलतात, त्याला प्रशासकीय कारणं असतात. तू हसायचास. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे बाकावर बसून मला शिकवायचास, सरकारी नोकरी मी करत होतो तरी. "मेल्या, कामगिरी बघायची तर साडेचार वर्षं डोळे मिटले होते काय त्यांचे? शेवटच्या सहा महिन्यांतच कशी दिसते?" मग तुझं सुरू. हा रुसलाय, त्याला गाडी दिली की गप बसेल. त्या जिल्ह्यातून एकही मंत्री नाही, तिथे मतं जातील, म्हणून तिथला एक घेतला. तो दुसरा फार मोठा व्हायला लागला, त्याला असं खातं द्या की टीव्हीवर दिसणार नाही. आणि ज्याच्या खात्यावर लोक चिडलेत त्याला काढा, म्हणजे लोकांना वाटेल राग पोचला. एवढं सगळं सांगून झालं की तू बशीतला चहा संपवायचास आणि खरी गोष्ट शेवटी सांगायचास. "माणूस बदलला की आश्वासन कोरं होतं रे. नवा येऊन म्हणतो, मी तर कालच आलो, मला थोडा वेळ द्या. आणि तो वेळ मागत असतानाच मतदान उरकतं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तर ते रोज टेबलावर बघत होतो. नवा मंत्री आला की आधीच्याकडे सहीला गेलेल्या सगळ्या फायली परत खाली यायच्या, वर तीन शब्द लिहून, 'तपासून फेरसादर करावे.' म्हणजे पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरुवात. ते शब्द मी स्वतः रजिस्टरात उतरवलेत. तरी तुझ्यासमोर सरकारची बाजू घ्यायचो. पगार घेतो त्याची बाजू घ्यावी असं काहीतरी मनात असेल. किंवा तू इतकं बरोबर बोलतोस याचा राग येत असेल.

त्या फायलींत आपलीही एक होती. चाळ पाडून नवी बांधायची परवानगी. सगळ्या सह्या झालेल्या, फक्त मंत्र्यांची एक बाकी. आणि फळ्यावरची ती तुझी ओळ तिथून सुरू झाली. घरबांधणीचा मंत्री बदलला की तू त्याचं नाव नीट, वळणदार अक्षरात लिहायचास, अभिनंदन लिहायचास, आणि खाली लहान अक्षरात 'आपल्या फाईलचे दुसरे मंत्री.' मग 'आपल्या फाईलचे तिसरे मंत्री.' शिवी नाही, टोमणा नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. लोक त्या ओळीसाठी थांबायचे. लालबागच्या मार्केटात मासळी घेताना कोळीण मला विचारायची, "तुमची फाईल किती मंत्री जेवली आतापर्यंत?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुला मात्र आवडायचं ते.

आणि मग चौथे आले.

आता मी ते लिहिणार आहे जे तुझ्यासमोर बोलायला पाच वर्षं माझं तोंड उघडलं नाही.

निवडणूक चार महिन्यांवर होती. कचेरीत कुजबुज होती की फेरबदल होणार. माझा हिशेब असा की जाणारा मंत्री जाता जाता भराभर सह्या करतो, मी बघितलंय. तेव्हा त्याला आत्ता चाळीत बोलवावं, सत्कार करावा, शाल-श्रीफळ द्यावं, चार लोकांसमोर त्याच्या तोंडून 'करतो' वदवून घ्यावं. त्याच्या पीएची माझी ओळख. चाळीच्या समितीच्या मीटिंगमध्ये मी छाती काढून सांगितलं, मी आणतो साहेबांना. तू एकटाच नाही म्हणालास. "जाणारा मंत्री सह्या करतो, पण त्याच्या माणसांच्या फायलींवर. आपण त्याचे कोण?" आणि माझा फ्लेक्स लावायचा बेत ऐकून म्हणालास, "फळ्यावर लिहू ना. खडूचं बरं असतं, दुसऱ्या दिवशी पुसता येतं. फ्लेक्स लावलास तर आपण कायमचे त्याचे होऊ." मी म्हटलं, दत्ता, तुझा धंदा फ्लेक्सनं बुडवला म्हणून तू बोलतोयस. सगळे हसले. तूही हसलास. ते मी बोलायला नको होतं.

सत्काराच्या दिवशी तू सकाळी नेहमीसारखा फळा लिहिलास. 'मा. मंत्रीमहोदयांचे आपल्या चाळीत हार्दिक स्वागत.' असं अक्षर की छापील वाटावं. आणि खाली, 'आपल्या फाईलचे चौथे मंत्री.'

मी ते वाचलं आणि घड्याळ बघितलं. गाडी दीड तास उशिरा येणार होती. पक्षाचा प्रमोद, तोच, पान खाणारा, पन्नाशीचा, माझ्या कानाशी लागला, "अहो, हे काय लिहिलंय? साहेब वाचतील. ती ओळ तेवढी पुसा." तुला विचारायचं धाडस नव्हतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मग मला पुसता आलं नसतं. म्हणून मी गेटाशी कोणी नाही असं बघून खिशातला रुमाल काढला आणि पुसली. पुसून वळलो तर तू मागेच होतास. हातात ताट, ताटात शाल, नारळ, हार.

तू ओरडायला हवं होतंस. ताट माझ्या अंगावर टाकायला हवं होतंस. तू फक्त म्हणालास, "रुमाल झटक. शर्टाला खडू लागेल."

साहेब आले. दहा मिनिटं थांबले. आमच्या टेकू लावलेल्या गॅलरीखाली उभे राहून म्हणाले, पुढच्या आठवड्यात सही करतो, हा माझा शब्द. फोटो काढले. फळ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, दत्ता. गाडीतून उतरले ते डोकं खाली घालून थेट मांडवात, आणि निघाले ते फोन कानाला लावून. ती ओळ तिथे असती तरी त्यांना दिसली नसती. त्या आठवड्यात बऱ्याच फायलींवर सह्या झाल्या, आपली त्यांत नव्हती. आठव्या दिवशी त्यांचं खातं गेलं. त्यांचा गट नको इतका मोठा झाला होता, म्हणून त्यांना मासेमारीच्या खात्यात पाठवलं. पाचवे आले ते दुसऱ्या गटाचे. त्यांची माणसं विभागात फिरली, गेटावर आपला फ्लेक्स बघितला, त्यात समितीची सगळी तोंडं साहेबांच्या खांद्याला खांदा लावून हसतायत. "ही त्यांची चाळ," असं म्हणून गेले. फाईल खाली आली ती माझ्याच टेबलावरून गेली. तपासून फेरसादर करावे. रजिस्टरात मीच लिहिलं.

मला वाटलं, आता तू फळ्यावर मला सोलून काढशील. तू काही केलं नाहीस. पाचव्या मंत्र्यांचं नाव लिहिलंस, अभिनंदन लिहिलंस आणि खाली जागा कोरी. निवडणूक झाली, सहावे आले. नाव, अभिनंदन, खाली कोरं. पाणी, मयत, गणपतीची वर्गणी, सगळं लिहायचास. ती एक ओळ तू परत कधी लिहिली नाहीस. मी रोज सकाळी खाली उतरून आधी त्या कोऱ्या जागेकडे बघायचो. आपलं बोलणं चालू होतं, चहा चालू होता, रविवारी कॅरम चालू होता. तू माझ्यावर रागावलायस असं कोणी म्हणू शकलं नसतं. त्याचाच मला त्रास व्हायचा.

नंतर तुला जिना चढवेना. फळा लिहून वर जाताना तू दुसऱ्या मजल्यावर माझ्या दाराशी थांबायचास, तिथे मी तुझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं. तू बसून दम घ्यायचास, मी आत पेपर घेऊन बसायचो. गेल्या गणपतीनंतर एकदा मी मनाशी ठरवून बाहेर आलो. म्हटलं, "दत्ता, ती ओळ..." तू हात वर केलास. मला वाटलं, दम लागलाय म्हणून. तू म्हणालास, "टँकर उद्या येणार की परवा? नीट विचारून सांग, फळ्यावर चुकीचं जायला नको." मी म्हटलं, विचारतो. झालं. संपलं. मग मी परत तो विषय काढलाच नाही. तू नको म्हणालास म्हणून नाही, मला सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

तू गेलास तेव्हाही खाली यायलाच निघाला होतास. वहिनी सांगत होत्या, चपला घालून खुर्चीत बसलास, म्हणालास जरा थांबून जातो. हातात खडूचा डबा. तिसऱ्या मजल्यावर, दोन टेकूंच्या मधल्या त्या खोलीत. ज्या नव्या घरासाठी आपण सहा मंत्री बघितले ते घर तुला मिळालं नाही, आणि वहिनी अजून त्याच टेकूंमधून वाकून स्वयंपाकघरात जातात. काल बोलताना त्यांचं डोकं टेकूला आपटलं. त्यांनी चोळलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही.

तुझ्या तिसऱ्या दिवशी प्रमोदनं गेटावर फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर नेत्यांच्या मोठाल्या मुंड्या, खाली कोपऱ्यात तू, पासपोर्टच्या फोटोएवढा. फोटो त्याला कुठून मिळाला म्हणून मी जवळ जाऊन बघितलं. सत्काराच्या दिवशीचा आहे, दत्ता. समितीच्या फोटोतून कापून घेतलाय. खाली ताटाची कड दिसते. म्हणजे मी पुसलं, त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांतला तुझा चेहरा. इतकी वर्षं मी तो नीट बघितला नव्हता. तू रागावलेला दिसत नाहीस. थकलेला दिसतोस. मला ते जास्त लागलं.

आणि आज सकाळी बातमी आली. घरबांधणीचं खातं कोणाकडे गेलं माहीत आहे? चौथे. तेच. त्यांच्या गटानं सहा महिने रुसून दाखवलं, निवडणूक तोंडावर आली, गिरणगावातल्या जागा हातच्या जातील असं वर वाटलं, आणि साहेब मासेमारीतून उचलून परत आपल्या फाईलवर बसवले. मी टीव्हीसमोर एकटाच हसत सुटलो. मग जिना चढून वर गेलो, सांगायला. दाराशी गेल्यावर आठवलं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. माझं तोंड बघूनच त्यांनी कोणता मंत्री आला ते विचारलं, "खयचो इलो आता?"

म्हटलं, "वहिनी, चौथा. तोच."

त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. उठून आत गेल्या आणि तुझा डबा आणून माझ्या हातात दिला. वर पांढऱ्या खडूचे तुकडे, खाली रंगीत खडूंचं पाकीट, न उघडलेलं. "सही होयत त्या दिवसासाठी ठेवलेलो तो," म्हणाल्या. मला हे माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "भावजी, फळो पुसा आता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पुसलो असतो." खरंच होतं. बातमी जुनी झाली की पुसायची, मग ती कोणाची का असेना, हा तुझाच नियम. स्वतःच्या वडिलांच्या मयताची बातमीही तू दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुसली होतीस.

मी खाली आलो. तुझं नाव पुसलं. ओल्या फडक्यानं, तू पुसायचास तसं, वरून खाली. पुसताना रडलो, लोक बघत होते, बघू देत. मग लिहिलं. मंत्र्यांचं नाव, अभिनंदन. आणि खाली, जमेल तितक्या लहान अक्षरात, 'आपल्या फाईलचे सातवे मंत्री. चौथेही हेच होते.'

खडू ठेवायच्या आत प्रमोद आला. त्याच्या हातात अभिनंदनाचा नवा फ्लेक्स, तुझ्या फ्लेक्सवर लावायला आणलेला. फळा वाचून थांबला. म्हणाला, "काका, साहेब उद्या तेराव्याला येतायत. वहिनींना भेटायला. ती ओळ तेवढी पुसा."

तेच शब्द. माझा हात खिशाकडे गेला, तुझ्याशी कशाला लपवू. रुमाल हाताला लागलासुद्धा. प्रमोद हलक्या आवाजात म्हणाला, "फाईल परत त्यांच्याकडेच आलीय. आता कशाला बिघडवताय? वहिनींचा तरी विचार करा." वहिनींचाच विचार करत होतो मी. टेकू, डोकं, तिसरा मजला. माझ्या एका ओळीनं ती सही आणखी दोन वर्षं लांबली तर त्याला जबाबदार मी. तू असतास तर हे भांडण तू भांडला असतास आणि मी घरी बसून प्रशासकीय कारणं सांगितली असती.

वर बघितलं. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "रवांदे ती ओळ."

मी प्रमोदला म्हटलं, "राहू दे. साहेबांना वाचू दे. या वेळी गाडीतून उतरल्यावर मीच त्यांना फळ्यासमोर आणतो." त्यानं परत एकदा फळा वाचला. मग फ्लेक्स काखेत मारून निघून गेला. उद्या काय होईल मला माहीत नाही. सही होईल असं मला वाटत नाही. तुलाही वाटलं नसतं.

मी चुकलो, दत्ता. पाच वर्षांपूर्वी चुकलो आणि त्यानंतर रोज. हे मी तुझ्या स्टुलापाशी उभं राहून म्हणायला हवं होतं.

ओळ वाकडी आलीय, 'चौथेही'वर अनुस्वार पडायचा होता का नव्हता याचा विचार करताना हात मध्येच थांबला. तुझ्यासारखं अक्षर या जन्मी येणार नाही. पण उद्या सकाळी सातला मी परत खाली जाणार आहे. वर आलो तेव्हा बायकोनं विचारलं, हे काय लावून घेतलंय. बघितलं तर शर्टभर खडू. मी तो झटकला नाही.